पायवाट आणि गाडीवाट : महाड-पोलादपूर परिसरातील घाटांचा एक अभ्यास

१

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा नकाशा पुढे घेतला असता महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांच्या पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग ओलांडून देशावर चढणाऱ्या मोटाररस्त्यांच्या ठळक रेषा दोनच दिसतात. एक महाडहून वरंधा घाटाने भोरकडे जाते, दुसरी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास पोचते. परंतु याच पट्ट्यात पायी हिंडणाऱ्यास कावल्या घाट, बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, शेवत्या, मढे, उपांड्या, गोप्या, ढवळे, पार अशी वाटांची एक लांबलचक नामावळी ऐकू येते. यांतील प्रत्येक वाटेस स्वतंत्र नाव आहे, वर एक गाव आहे, खाली एक गाव आहे आणि मधल्या चढावर पाण्याची व विसाव्याची ठरलेली जागा आहे. या सर्व वाटांची गती एकच झाली : त्यांच्यावरची रहदारी दोन रस्त्यांनी ओढून घेतली.

असे का झाले, या प्रश्नास सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे की, बाकीच्या वाटा अवघड होत्या आणि सोपी वाट मिळताच लोकांनी त्या टाकल्या. हे उत्तर अपुरे आहे. वाट सोपी की अवघड हे चालणाऱ्याच्या साधनावर ठरते. मनुष्याच्या पायास, लादलेल्या बैलास आणि गाडीच्या चाकास सोयीची वाट एक नसते. महाड-पोलादपूरच्या घाटांचा इतिहास हा मुख्यतः पायाच्या वाटांवर चाकाच्या वाटांनी केलेल्या आक्रमणाचा इतिहास आहे, आणि त्या बदलात केवळ काही वाटा मोडल्या असे नव्हे, तर घाट या शब्दाचा अर्थच पालटला. पूर्वी घाट म्हणजे एका कड्यावरील अनेक वाटांचा संच होता, पुढे घाट म्हणजे एक रस्ता झाला. प्रस्तुत निबंधात या बदलाचा मागोवा घेऊन, तो समजून घेण्यास पायी व सायकलीने केलेल्या प्रवासाचा अभ्यासकास कितपत उपयोग होतो, याचा विचार केला आहे.

२

प्रथम भूरचनेचा विचार करणे अवश्य आहे. सह्याद्रीचा हा भाग लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा बनलेला आहे. काही थर कठीण, काही ठिसूळ. कठीण थर उभ्या कातळाच्या रूपाने टिकून राहतात आणि ठिसूळ थर झिजून त्यांच्या उतरत्या पायऱ्या बनतात. म्हणून येथील चढ एकसारखा नसतो. कड्याच्या पायथ्याशी झाडीचा उतार, त्यावर कातळाची भिंत, भिंतीवर पुन्हा माचीसारखी सपाटी, असा क्रम दोन-तीन वेळा येतो. वाट शोधणे म्हणजे प्रत्येक भिंतीतील फट शोधणे होय. जेथे पाण्याने कातळ उभा चिरला आहे तेथे ‘नाळ’ असते, जेथे डोंगराचा सोंड खाली उतरतो तेथे ‘दांड’ असते, जेथे दोन शिखरांमधील कणा खचला आहे तेथे ‘खिंड’ असते, आणि जेथे कातळास शिडी लावल्याखेरीज गती नाही तेथे ‘निसणी’ असते. स्थानिक बोलीतील हे चार शब्द चार प्रकारच्या भूरूपांची अचूक वर्गवारी करतात. इंग्रज मोजणीदारांनी या सर्वांस सरसकट एकाच शब्दाने ओळखल्यामुळे ही वर्गवारी जुन्या छापील नकाशांत बहुतांशी हरवली.

कोकणाच्या बाजूने पाहता या कड्यातून निघणारे पाणी सावित्रीस मिळते. सावित्री महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावून पोलादपूर व महाड येथून वाहत बाणकोटच्या खाडीस जाते. भरतीचे पाणी महाडपर्यंत येई, त्यामुळे लहान गलबते थेट घाटाच्या पायथ्याजवळ पोचत. मोठी गलबते खाली दासगावास थांबत. समुद्र आणि कडा यांच्यामधील अंतर नदीने असे कमी केल्यामुळे महाडास घाटाखालची पेठ हे स्वरूप आपोआप आले. कोकणातून मीठ, सुकी मासळी व नारळ वर जावेत आणि देशावरून धान्य व गूळ खाली यावा, हा घाटमार्गावरील व्यापाराचा सर्वत्र आढळणारा क्रम येथेही होता.

३

या मार्गांची प्राचीनता लेण्यांवरून अनुमानिता येते. महाडजवळ पाले येथे सुमारे तीस बौद्ध लेण्यांचा समूह आहे आणि सावित्रीच्या परिसरातच कोल येथेही लेणी आहेत. पाले येथील शिलालेखात काणभोज विष्णुपालित या कुमाराचे नाव येते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात उल्लेखिलेले पालाइपत्मै हे बंदर म्हणजे पाले असावे, असेही काही विद्वानांनी सुचविले आहे. ते मत मान्य असो वा नसो, खाडीच्या माथ्याशी एवढा मोठा विहार कोरला गेला यावरून तेथे दान देणारा व्यापारी वर्ग होता हे उघड आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लेणी, घाट आणि व्यापारमार्ग यांचा परस्परसंबंध आग्रहाने मांडला. कार्ले बोरघाटाच्या माथ्यापासून दूर नाही, जुन्नर नाणेघाटाच्या वर आहे, ही उदाहरणे सुपरिचित आहेत. हीच कसोटी महाडास लावली तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. वरंधा घाट चढून भोरमार्गे नीरेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटेवर पुढे शिरवळची लेणी लागतात, आणि महाबळेश्वराच्या पठारावरून पूर्वेस उतरले की वाईजवळ लोहारे येथील लेणी लागतात. म्हणजे खाली पाले-कोल आणि वर शिरवळ व वाई अशा दोन जोड्या घाटाच्या दोन्ही टोकांस उभ्या आहेत. यावरून वरंधा आणि पार या दोन्ही दिशांनी रहदारी सातवाहनकाळाच्या आसपास सुरू असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. ते अनुमानच होय. कारण नाणेघाटात जसे प्रत्यक्ष वाटेवर लेख कोरलेले आहेत तसा पुरावा येथे नाही.

येथे कोसंबींच्या पद्धतीचा उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे. ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या त्यांच्या ग्रंथातील ग्रामदेवता व जुन्या वाटा यांविषयीचा निबंध पुण्याच्या परिसरातील डोंगरांत पायी केलेल्या भटकंतीवाचून लिहिला गेलाच नसता. त्यांच्या आधी राजवाड्यांनी दप्तरांच्या शोधात गावोगाव केलेली पायपीट सर्वश्रुत आहे. परंतु राजवाडे कागदासाठी चालले, कोसंबींनी चालण्याचाच पुरावा केला. घाटांच्या अभ्यासास या दुसऱ्या परंपरेची अधिक गरज आहे. कारण ज्या वाटेवर जकात नव्हती तिचा कागदही नसतो.

४

सतराव्या शतकात या वाटांचे राजकीय महत्त्व प्रथमच स्पष्टपणे कागदावर येते. जावळीचे मोरे हे घाटमाथ्याचे धनी होते. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली आणि त्याच वर्षी रायरी, म्हणजे पुढील रायगड, त्यांच्या हाती आला. जावळी जिंकणे म्हणजे एक गाव वा एक खजिना जिंकणे नव्हते. वाईच्या खोऱ्यातून महाडच्या खाडीकडे उतरणाऱ्या वाटांची किल्ली हाती येणे होते. त्यानंतर लगेच पार घाटाच्या माथ्यावर प्रतापगड बांधण्यात आला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

१६५९ मध्ये अफझलखान वाईहून निघून रडतोंडीच्या घाटाने पार येथे उतरला. या वाटेचे नावच तिच्या स्वरूपाची साक्ष देते. ग्रँट डफ याने असे नमूद केले आहे की, खानाच्या येण्यासाठी रान तोडून वाट मोकळी करण्यात आली होती आणि बाकीच्या सर्व वाटा बंद करण्यात आल्या होत्या. या विधानाचा घाटांच्या दृष्टीने अर्थ लावला पाहिजे. खानाबरोबर हत्ती, तोफा व मोठे लष्कर होते. अशा फौजेस रुंद व एकच वाट लागते. उलट मावळ्यांस अनेक व अरुंद वाटा चालतात. ज्याला एकच वाट हवी, त्याला ती वाट देऊन बाकीच्या आपल्याकडे ठेवणे, हे या प्रसंगाचे मर्म होय. १० नोव्हेंबर १६५९ रोजी खान मारला गेल्यावर पार येथील त्याच्या छावणीवर जो हल्ला झाला, तो या उरलेल्या वाटांनीच शक्य केला.

रायगड राजधानी झाल्यावर राजगड-तोरणा आणि रायगड यांमधील कडा हा राज्याचा मध्यभाग बनला. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, कावल्या घाट या आज दुर्गम वाटणाऱ्या वाटा त्या काळी जुन्या व नव्या राजधान्यांस जोडणाऱ्या जवळच्या वाटा होत्या. त्यांच्यावर लिंगाणा व कोकणदिवा यांची नजर होती. किल्ला आणि घाट यांचे हे नाते या परिसरात सर्वत्र दिसते : वरंधा घाटावर कावळा किल्ला, ढवळे घाटाच्या खोऱ्यात चंद्रगड व मंगळगड ऊर्फ कांगोरी, पार घाटावर प्रतापगड. किल्ल्यांची यादी जशीच्या तशी घाटांची यादी म्हणून वाचता येते.

१६८९ मध्ये संभाजीमहाराजांच्या वधानंतर मोगलांनी रायगडास वेढा घातला. एप्रिल महिन्यात राजाराममहाराज वेढ्यातून निसटून प्रतापगडाकडे गेले आणि नोव्हेंबरात रायगड पडला. वेढा घालणारी फौज मोठी असूनही राजा निसटू शकला, याचे एक कारण वाटांच्या संख्येत शोधले पाहिजे. एक रस्ता अडविता येतो. पण दऱ्याखोऱ्यांत पसरलेल्या साऱ्या पायवाटांवर चौक्या बसविणे परक्या सैन्यास जमण्यासारखे नव्हते.

५

पेशवाईच्या अखेरीस हेच चित्र पुन्हा दिसते. १७९६ मध्ये पुण्यातील राजकारण अंगाशी येऊ लागले तेव्हा नाना फडणवीस वाईहून कोकणात उतरून महाडास आले. उतरताना त्यांनी घाट बंद केले, प्रतापगडावर शिबंदी ठेवली आणि महाडास पोचताच रायगडाच्या बंदोबस्ताकडे लक्ष दिले. एका मुत्सद्द्याने केवळ घाटांच्या आधाराने काही महिने स्वतःचे रक्षण केले आणि तेथूनच निजामाशी महाडचा तह जुळवून पुन्हा कारभारात प्रवेश केला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकराकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीरावही याच भागात महाडास आला आणि पुढे समुद्रमार्गे वसईस गेला. दोन्ही प्रसंगी महाडाचे महत्त्व एकच : मागे कडा, पुढे खाडी.

१८१७ मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू झाले तेव्हा हंटर व मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांस पकडून कांगोरीच्या किल्ल्यावर ठेवण्यात आले होते. कैदी ठेवण्यास ही जागा निवडली जावी, यावरून या खोऱ्याचे दुर्गमत्व राज्यकर्त्यांस किती उपयोगी वाटे ते कळते. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने रायगड घेतला आणि कड्याचा लष्करी उपयोग संपला. यानंतर घाटांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. अडविण्याची जागा म्हणून ज्यांचे मोल होते, त्यांचा विचार आता केवळ ओलांडण्याची जागा म्हणून होऊ लागला.

६

नव्या राज्यकर्त्यांचे पहिले काम मोजणीचे होते. जॉन क्लून्स याने १८२६ मध्ये पश्चिम हिंदुस्थानातील मार्गांची अंतरांसह जंत्री प्रसिद्ध केली आणि टी. बी. जर्व्हिस याने कोकणाची पाहणी केली. कंपनीच्या काळात मार्गाची लांबी मोजण्यासाठी दांड्यास लावलेले एक मोठे चाक वापरीत. ते जमिनीवरून ढकलीत नेले म्हणजे फेऱ्यांवरून अंतर कळे. हे साधन सपाटीवर उत्तम; परंतु नाळेत व निसणीवर ते चालत नाही. ज्या वाटेवर चाक फिरते ती वाट नेमकी मोजली जाते आणि ज्या वाटेवर फिरत नाही ती अंदाजाने लिहिली जाते किंवा गळते. म्हणून गाडीरस्ते बांधले जाण्याच्या आधीच कागदावर चाकाचे राज्य सुरू झाले होते, असे म्हणता येईल.

सर जॉन मालकम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या पुढाकाराने महाबळेश्वर हे साहेबांचे आरोग्यस्थान बनले. मुंबईहून तेथे जाण्याचा जवळचा मार्ग समुद्राचा होता : गलबताने बाणकोटच्या खाडीतून महाडास यावे आणि तेथून पार घाटाने पालखीत बसून अथवा घोड्यावरून वर चढावे. पार घाटाची ही अखेरची भरभराट होय. परंतु हा प्रवासही अद्याप पायांचाच होता. फरक इतकाच की, पाय दुसऱ्याचे होते.

याच सुमारास उत्तरेकडे, १८३० मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी पुण्यास पोचली. मुंबईचा प्रवासी आता पुण्याहून वाई-पाचगणीमार्गे महाबळेश्वरास जाऊ लागला. महाडच्या बाजूने गाडीरस्ता झाला तो १८७० च्या दशकात. १८६७ ते १८७२ या काळातील गव्हर्नर सर सीमोर फिट्झजेराल्ड याचे नाव त्या घाटास देण्यात आले. तोच आजचा आंबेनळी घाट. वरंधा घाटाचा गाडीरस्ता इंग्रज मुलूख आणि भोर संस्थान यांना जोडीत असे.

या दोन रस्त्यांनी जुन्या वाटांशी केलेला व्यवहार वेगवेगळा आहे, आणि तो भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. वरंधा येथे नवा रस्ता जुन्याच खिंडीतून गेला. कावळा किल्ला ज्या कण्यावर आहे तो कणाच फोडून रस्ता नेण्यात आला. येथे पायवाट गाडीवाटेखाली गाडली गेली, पण घाट जागीच राहिला. आंबेनळीची गोष्ट निराळी. तेथे चाकास सोसेल असा चढ साधण्यासाठी रस्त्याने पार घाट सोडला आणि वाडा-कुंभरोशीहून उत्तरेकडच्या उतारावरून वळणे घेत पोलादपूर गाठले. परिणामी खालचे किनेश्वर व वरचे पार ही दोन्ही गावे हमरस्त्यापासून बाजूस पडली. पारला रामवरदायिनीचे देवस्थान आहे, कोयनेवर दगडी पूल आहे. हा पूल शिवकालीन मानला जातो आणि तो आजही उभा आहे. एवढ्या लहान गावास असा पूल कशाला, हा प्रश्न मोटारीने आलेल्या प्रवाशास पडतो. किनेश्वरहून पायी चढून आलेल्यास पडत नाही.

तिसरा प्रकार उरलेल्या वाटांचा. मढे, उपांड्या, शेवत्या, बोराट्याची नाळ यांच्यावर चाक चढलेच नाही. त्या मोडल्या गेल्या नाहीत; त्या फक्त सरकारच्या दृष्टीआड झाल्या. वरच्या व खालच्या गावांमधील सोयरीक, बाजार, देवदर्शन आणि गुरांची ने-आण यांसाठी त्या पुढेही चालू राहिल्या. त्यांची डागडुजी करणारा कोणी नव्हता, आणि त्यांची आठवण चालणाऱ्यांच्या पायांतच राहिली.

७

पायी व सायकलीने घाट पाहण्याचा प्रश्न येथे उद्भवतो. हौसेने घाट चढणाऱ्यांची परंपरा जगभर आहे. फ्रान्समध्ये पॉल द विवी (१८५३ ते १९३०) याने डोंगरी रस्त्यांसाठी सायकलीस बदलता दंतचक्रसंच हवा, असा आयुष्यभर आग्रह धरला. १९१० मध्ये तूर द फ्रान्स ही शर्यत तूर्माले या पिरेनीज पर्वतातील घाटावरून प्रथम गेली. इंग्लंडमध्ये १९५५ साली ‘रफ-स्टफ फेलोशिप’ ही संस्था निघाली. डांबरी रस्ता सोडून जुन्या डोंगरी वाटांनी सायकल नेणे, प्रसंगी ती खांद्यावर घेणे, हाच तिच्या सभासदांचा छंद. भारतात १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलीवरून जगप्रवासास निघाले आणि त्यांपैकी तिघांनी १९२८ मध्ये तो पुरा केला. सह्याद्रीत पायी हिंडणाऱ्यांची परंपरा अधिक रुजलेली आहे. १९५४ साली मुंबईत स्थापन झालेली ‘गिरिविहार’, गो. नी. दांडेकर यांचे दुर्गविषयक लेखन, हरीश कपाडिया यांची मार्गदर्शक पुस्तके यांनी या परंपरेस आकार दिला.

इतिहासाच्या अभ्यासकास या हौसेतून पद्धती घेता येईल. सायकल हे चढ मोजण्याचे विलक्षण नाजूक साधन आहे. मोटारीत बसलेल्यास तीस मीटरला एक मीटर आणि पंधरा मीटरला एक मीटर या चढांतील भेद जाणवत नाही. सायकलस्वारास तो पहिल्या शंभर मीटरांत कळतो. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आणि महाबळेश्वरची उंची सुमारे १३७० मीटर धरली, तर सरासरी चढ तीस मीटरला एक मीटर एवढाच येतो. हा आकडा योगायोगाचा नाही. लादलेली बैलगाडी ओढता यावी आणि उतरताना ती बैलांच्या अंगावर जाऊ नये, या दुहेरी अटीतून अशा रस्त्यांची वळणे जन्मास आली. सायकल ओढणारा मनुष्य आणि गाडी ओढणारा बैल यांची शक्ती भिन्न असली तरी चाकाची तक्रार एकच असते. म्हणून आंबेनळी वा वरंधा सायकलीने चढणे म्हणजे एकोणिसाव्या शतकातील अभियंत्याच्या आखणीची उजळणी करणे होय. शिवाय २८ इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असल्याने किलोमीटरास सुमारे साडेचारशे फेरे पडतात. कंपनीच्या मोजणीदाराचे चाक याच हिशोबाने चाले.

पायी चालणे याच्या उलट गोष्ट शिकविते. ढवळे गावातून निघून बहिरीच्या घुमटीवरून महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटपर्यंत चढणाऱ्यास एका दिवसात हजार मीटरांहून अधिक उंची गाठावी लागते. तेथे चढाच्या प्रमाणास महत्त्व नाही. पाणी कोठे आहे, ओझे उतरून टेकता येईल असा कातळ कोठे आहे, पावसाळ्यात कोणता दांड निसरडा होत नाही, यांवर वाट ठरते. वाटेवरील घुमटी, शेंदूर फासलेला दगड, रचलेली दगडांची रास ही या निवडीची चिन्हे होत. चढाच्या अवघड टप्प्यापूर्वी देव आणि टप्पा संपताच पाणी, हा क्रम अनेक घाटांत आढळतो. वरंधा घाटातील वाघजाईचे स्थानही गाडीरस्त्यापेक्षा जुन्या अशा याच क्रमाचा अवशेष मानता येईल.

दोन्ही साधने एकत्र वापरली तर आणखी एक गोष्ट हाती लागते. वरंधा घाटात गाडीरस्त्याची वळणे जेथे जेथे पायवाट छेदते, तेथे तेथे जुना व नवा तर्क समोरासमोर येतात. असे छेदबिंदू नकाशावर क्रमाने मांडले, तर गाडल्या गेलेल्या वाटेची रेषा पुन्हा काढता येते. महाड-पोलादपूरसाठी असे काम पद्धतशीरपणे होण्यास पुष्कळ वाव आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एखादी वाट चालता येते एवढ्यावरून ती अमुक काळी चालली जात होती असे ठरत नाही. मढे घाटाचे उदाहरण घ्यावे. १६७० मध्ये सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने पोलादपूरजवळील उमरठ्यास नेला आणि त्यावरून घाटास हे नाव पडले, अशी परंपरा आहे. सिंहगडाकडून केळदमार्गे मढे घाट उतरून महाड व पुढे उमरठे, ही वाट भूगोलाच्या दृष्टीने अगदी सयुक्तिक आहे आणि चालून पाहिल्यास तिची सयुक्तिकता पटतेही. परंतु यावरून सिद्ध होते ते इतकेच की, परंपरा अशक्य गोष्ट सांगत नाही. नाव त्या प्रसंगाहून जुने असण्याची शक्यता चालण्याने नाहीशी होत नाही. पाय हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. समकालीन कागदाची जागा त्याने घेऊ नये. कागद जेथे मुका आहे तेथे प्रश्न उपस्थित करण्यापुरता त्याचा अधिकार आहे.

८

घाट म्हणजे वाटांचा संच ही जुनी कल्पना आणि घाट म्हणजे एक रस्ता ही नवी कल्पना, यांतील भेद केवळ पुराणवस्तूंच्या आवडीचा नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वर येथे एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी वरंधा घाटाच्या परिसरातील तळिये या गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली. महाड शहर पुरात बुडाले आणि आंबेनळी व वरंधा हे दोन्ही घाट दरडींनी व खचलेल्या रस्त्यांनी बंद पडले. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर अशीच आपत्ती आली होती, आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील इंग्रजी अमदानीतील पूल पुरात वाहून गेला होता.

दरडींची कारणे सांगणे हे भूशास्त्रज्ञांचे काम आहे आणि जुन्या पायवाटा असत्या तर माणसे वाचली असती, असा भलता निष्कर्ष इतिहासाने काढू नये. परंतु दोन रस्ते तुटताच कोकण व देश यांमधील या पट्ट्यातील संबंध तुटतो, ही स्थिती नवी आहे, एवढे इतिहास निश्चित सांगू शकतो. अफझलखानास एक वाट पुरेशी वाटली. नाना फडणवीसांना साऱ्या वाटा बंद कराव्या लागल्या. राजाराममहाराज उरलेल्या वाटांनी निसटले. सुमारे दीड शतकाच्या या अनुभवात घाटाची शक्ती त्याच्या संख्येत होती. चाकाने सोय दिली, वेग दिला, आणि त्याची किंमत म्हणून ती संख्या घेतली. कशेडी घाटाखालून अलीकडे झालेला बोगदा ही याच क्रमातील पुढची पायरी आहे : पायाने कडा चढला, चाकाने त्यास वळसा घातला, यंत्राने तो पोखरला.

या वाटांचा खरा दप्तरखाना म्हणजे अजून त्या चालणारी माणसे. घाटमाथ्यावरील धनगरपाड्यांत आणि कड्याखालच्या वाड्यांत नाळेतील प्रत्येक टप्प्याचे नाव जाणणारी वृद्ध मंडळी आहेत. त्यांच्या मुलांचा प्रवास मोटारीने होतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र वाट चालणे थांबले म्हणजे एक-दोन पावसाळ्यांत ती झाडीत बुजते आणि तिच्यावरील स्थळांची नावे एका पिढीत विसरली जातात. रायगडाच्या वेढ्याचा वा जावळीच्या मोहिमेचा भूगोल पुढे लिहू पाहणाऱ्यास ही नावे कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाहीत. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने घाटांची जी यादी दिली आहे, तिच्यापुढे जाऊन प्रत्येक वाटेचा पायथा, माथा, पाणी, देवस्थान, खिंड आणि स्थानिक नाव यांची नोंद करणे हे काम एका विद्यापीठीय विभागाच्या आवाक्यातील आहे. त्यास मोठी साधनसामग्री लागत नाही. पावसाळा संपल्यानंतरचे काही महिने, एक नकाशा, गाडीरस्त्यासाठी सायकल आणि बाकी सर्वत्र पाय एवढ्यावर ते होण्यासारखे आहे.